बोलीची साक्ष

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं आपल्या देवळाच्या भिंती कोणीं उभारल्या, घंटा कोणीं अर्पण केली, कोणत्या धर्मगुरूंनीं येथें कष्ट केले, याचा वृत्तांत अधिकारी वक्त्यांनीं आपणांस ऐकविलाच आहे. माझ्या वांट्यास निराळा विषय आला आहे. या देवळाहूनही जुनी अशी एक वास्तु आपल्या सर्वांच्या मालकीची आहे. तिचा पाया कोणीं घातला हें कोणास ठाऊक नाहीं. तिच्या दुरुस्तीसाठीं कोणी वर्गणी गोळा करीत नाहीं. आणि म्हणूनच ती ढांसळूं लागली तरी तें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. ही वास्तु म्हणजे आपण घरांत, वाडींत, होडीवर, बाजारांत बोलतों ती बोली होय. माणूस बोलूं लागला म्हणजे त्याच्या उच्चारांवरून, शब्दांवरून आणि सर्वांहून अधिक त्याच्या व्याकरणावरून तो कोणाचा कोण हें कसें उघड होतें, आणि उघड झालेल्या त्या ओळखीचें आपण काय करावें, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

या गोष्टीचा सर्वांत ठळक दाखला शुभवर्तमानांतच आहे. प्रभूला धरून प्रमुख याजकाच्या वाड्यांत नेलें त्या रात्रीं पेत्र अंगणांत बसला होता. दोन वेळां त्यानें प्रभूची ओळख नाकारली. तिसऱ्या वेळीं तेथें उभ्या असलेल्या लोकांनीं त्याला त्याच्या बोलण्यावरूनच हेरलें, असें संत मत्तय सांगतो. पेत्र गालील प्रांताचा कोळी. गालीलकरांच्या तोंडीं घशांतून निघणारीं व्यंजनें एकमेकांत मिसळून जात आणि दक्षिणेकडील लोक त्यांची थट्टा करीत. यहुदी लोकांच्या ताल्मुद नामक ग्रंथांत अशा एका गालीलकराची गोष्ट आहे. तो बाजारांत एक वस्तु मागतो; तेव्हां ऐकणारे त्याला विचारतात कीं, बाबा, तुला बसावयास गाढव पाहिजे, प्यावयास द्राक्षारस पाहिजे, अंगावर घालावयास लोंकर पाहिजे, कीं कापावयास कोंकरूं पाहिजे? या चारही वस्तूंचीं नांवें त्याच्या मुखांतून जवळजवळ सारखींच निघत. असा मनुष्य राजधानींत आला म्हणजे तो काय बोलला याच्या आधीं तो कसें बोलला हेंच लोकांच्या कानीं पडणार! पेत्राच्या शब्दांनीं प्रभूला नाकारलें; परंतु ते शब्द ज्या धाटणीनें उच्चारले गेले, त्या धाटणीनें मात्र खरी साक्ष दिली.

याहून भयंकर दाखला जुन्या करारांतील शास्ते या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांत आहे. लढाईंत हरलेले एफ्राइमी लोक यार्देन नदीच्या उतारावरून पळून जाऊं लागले, तेव्हां गिलादी पहारेकऱ्यांनीं प्रत्येकास 'शिब्बोलेथ' हा शब्द म्हणावयास लावला. धान्याचें कणीस, असा त्या शब्दाचा साधा अर्थ. एफ्राइमी लोकांस त्यांतील 'श' उच्चारतां येत नसे. ते 'सिब्बोलेथ' म्हणत, आणि म्हणतांच त्यांचा वध होई. त्या प्रसंगीं ४२,००० माणसें पडलीं, असें पवित्र शास्त्रांत लिहिलें आहे. एका अक्षरापायीं एवढा संहार! हे दोन दाखले कृपा करून शेवटपर्यंत ध्यानांत ठेवावे. बोलीवरून माणूस ओळखूं येतो हें दोन्ही ठिकाणीं सारखेंच. परंतु ओळख पटल्यावर पुढें काय होतें, तें ऐकणाराच्या मनावर अवलंबून आहे.

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. उत्तर कोंकणांतील कोळी व आगरी बोलींत 'डोळा' हा 'डोला' होतो, 'पाणी'चें 'पानी' होतें, 'गाडी'ची 'गारी' होते आणि 'मला' याऐवजीं 'मना' असें म्हणतात. वसईकडील सामवेदी अथवा कादोडी आणि वाडवळी या बोलींचीं वळणें आणखी निराळीं. अशा घरांतील मूल शहरांतल्या शाळेंत जाऊन पहिल्या दिवशीं तोंड उघडतें आणि वर्गांत हंशा पिकतो. तें मूल त्या दिवसापासून दोन गोष्टी शिकतें: एक, शाळेंत कमी बोलावें, आणि दुसरी, आईला शाळेंत आणूं नये. कारण आई बोलली तर आपण कोण तें सर्वांस कळेल. बंधूंनो, प्रमुख याजकाच्या वाड्यांतलें अंगण तें हेंच. तेथें पेत्राला जिवाची भीति होती, येथें मुलाला हंशाची भीति आहे; परंतु नाकारणें दोन्हीकडे सारखेंच.

वास्तविक ज्यांनीं भाषांचा शास्त्रोक्त अभ्यास केला, त्यांनीं आपल्या बोलींस हंसून बाजूस सारलें नाहीं. सर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या देखरेखीखालीं हिंदुस्थानांतील भाषांची जी मोठी पाहणी झाली, तिचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ सालीं प्रसिद्ध झाला. कोंकणांतील मराठीच्या अनेक बोली त्यांत नोंदलेल्या आहेत, आणि त्यांतच 'किरिस्ताव' या नांवानें ठाणें जिल्ह्यांतील ख्रिस्ती लोकांची बोली आहे. या नोंदीचा अर्थ नीट पाहावा. नांव धर्मावरून पडलें, परंतु बोलीचें घराणें मराठीच ठरलें. म्हणजे आपण धर्मानें ख्रिस्ती आणि भाषेनें मराठी आहों, हें आपणांस सिद्ध करावयाचें उरलेंच नाहीं. आपल्या वाडवडिलांनीं तें नुसत्या बोलण्यानेंच सिद्ध करून ठेविलें आहे.

आतां शब्दांविषयीं. १५३४ सालीं वसईचा मुलूख पोर्तुगीजांच्या हातीं गेला आणि १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं तो जिंकून घेतला. दोनशें पांच वर्षांचें राज्य गेलें. शब्द मात्र मागें राहिले. आणि ते केवळ आपल्या तोंडीं राहिले असें नव्हे. ज्यानें जन्मांत देवळाची पायरी चढलेली नाहीं असा देशावरील शेतकरीही दाराला 'चावी' लावतो, महिन्याअखेर 'पगार' घेतो, 'बादलीं'त पाणी भरतो, 'घमेल्यां'त माती वाहतो, 'लिलावां'त बोली बोलतो, 'पाव' आणि 'बटाटा' खातो. 'कोबी', 'काजू', 'अननस', 'हापूस', 'बिजागरी', 'फीत' हे सारे त्याच वाटेनें आलेले पाहुणे. मग शब्दांवरून माणसाची जात-कुळी ठरविणाऱ्यांनीं काय करावें? ज्याच्या घरांत परक्या शब्दांपैकीं एकही नाहीं असा मराठी माणूस शोधूं गेल्यास सांपडावयाचा नाहीं.

परंतु हे पाहुणे मराठीच्या घरांत कसे राहिले तें पाहण्यासारखें आहे. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीज भाषेंत स्त्रीलिंगी आहे. मराठींत शिरतांना त्यास उंबरठ्यावर लिंग बदलावें लागलें. कारण 'घोडा', 'आंबा', 'फळा' यांच्या पंक्तीस तो बसला. पुढें भाजी करावयाची झाली तेव्हां 'बटाटाची भाजी' कोणीं केली नाहीं. 'आंब्याचा रस' तशी 'बटाट्याची भाजी' झाली. 'पगार' हें पोर्तुगीजांत 'देणें, फेडणें' या अर्थाचें क्रियापद. येथें तें नाम झालें आणि 'पगाराला', 'पगारांतून' असें मुकाट्यानें चालूं लागलें. तात्पर्य, शब्द कोठूनही येवो. व्याकरण हें घरचें धनी. पाहुण्यानें पानावर बसावयाचें तें घरच्या रीतीप्रमाणें.

आणि याच रीतीनें आपल्या श्रद्धेचा सर्वांत पवित्र शब्द मराठी झाला. 'क्रूस' हा शब्द समुद्रापलीकडून आला. परंतु आपण 'क्रूसाला' म्हणत नाहीं, 'क्रुसाला' म्हणतों. पहिला दीर्घ ऊकार ऱ्हस्व करतों. असें कां? तर 'फूल—फुलाला', 'मूल—मुलाला', 'दूध—दुधाला' हा मराठीचा नियम आहे म्हणून. हा नियम आपल्या आजीला कोणीं शिकविला नव्हता. तिनें व्याकरणाचें पुस्तक डोळ्यांनीं पाहिलेलें नव्हतें. तिनें मुलाला हांक मारली, फुलाला हात लावला, दुधाला विरजण लावलें, आणि त्याच जिभेनें क्रुसाला वंदन केलें. क्रूस मराठींत पाहुणा म्हणून आला आणि घरचें मूल होऊन राहिला, याचा दाखला कोणत्याही ताम्रपटांत शोधावयास नको. तो त्या ऱ्हस्व उकारांत आहे.

कांहीं ठिकाणीं मात्र घरांत नवें दालनच बांधावें लागलें. लग्नानें जोडल्या जाणाऱ्या दोन घरांसाठीं मराठींत 'व्याही' आणि 'विहीण' हे शब्द होते. परंतु बाप्तिस्म्यानें जोडलें जाणारें नातें पूर्वीं येथें नव्हतें. बाळाचा बाप आणि त्याचा धर्मपिता यांनीं एकमेकांस काय म्हणावें? पोर्तुगीजांत त्यास 'कोम्पाद्रे' म्हणत. त्याचें 'कुंपार' झालें; आणि वसईकडील 'कुपारी' हें समाजाचें नांवही त्याच शब्दावरून आलें असें मानतात. नवें नातें आलें तेव्हां नवा शब्द घेतला. जुन्या नात्यांचे शब्द, आई, बाबा, काका, मामी, आजी, हे जेथल्या तेथें राहिले. आपल्या नातेवाइकांची यादी मोठ्यानें वाचावी. आपला सारा इतिहास तींत ऐकूं येतो.

याच कारणानें आपल्या नांवांत आणि आपल्या बोलण्यांत परक्यास मोठी विसंगति भासते. आगगाडींत शेजारी बसलेला गृहस्थ आपलें आडनांव विचारतो. परेरा, डिसोजा, लोपीस, रॉड्रिग्ज असें कांहीं तरी उत्तर ऐकून तो म्हणतो, "अरे वा! आपण मराठी फार चांगलें बोलतां हो!" बिचाऱ्याच्या मनांत कपट नसतें, तो आपलें कौतुकच करीत असतो. पण हें कौतुक माशाच्या पोहण्याचें कौतुक आहे. याचा दोष सर्वस्वीं त्याचाही नाहीं. १८८७ सालीं मुंबई बेटावरील व आसपासच्या मूळच्या ख्रिस्ती रहिवाशांनीं, गोव्याहून व मंगळूरहून आलेल्या बांधवांहून आपण निराळे आहों हें सरकार-दरबारीं कळावें म्हणून, 'ईस्ट इंडियन' हें नांव धारण केलें. नांव इंग्रजी कंपनीचें, आडनांवें पोर्तुगीजांचीं, आणि घरची बोली मात्र मराठीची! कागदावरील दोन्ही नांवें आपणांस दुसऱ्यांनीं दिलीं अथवा दुसऱ्यांसाठीं आपण घेतलीं. आईच्या तोंडून मिळालेली ओळख तेवढी बोलण्यांत उरली.

या ओळखीचा मान सर्वांत आधीं कोणीं राखिला असेल तर तो एका इंग्रजानें. फादर थॉमस स्टीफन्स हा येशूसंघीय धर्मगुरु १५७९ सालीं गोव्यास उतरला आणि साष्टी प्रांतांत लोकांमध्यें मिसळून राहिला. त्याचें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं राशोल येथें छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ रोमन लिपींत छापलेला, परंतु भाषेनें मराठी. त्यानें छंद निवडला तो ओवीचा. ग्रंथास नांव दिलें पुराणाचें. स्वर्गास शब्द वापरला 'वैकुंठ'. एवढेंच करून तो थांबला नाहीं. त्या प्रांतांतील सामान्य लोकांच्या तोंडीं असलेल्या कोंकणीचें त्यानें व्याकरण लिहिलें; तें त्याच्या मृत्यूनंतर १६४० सालीं राशोल येथेंच छापून निघालें. हिंदुस्थानांतील भाषेचें छापलेलें पहिलें व्याकरण म्हणून त्याची ख्याति आहे. पंडितांची भाषा शिकून तो ओव्या रचूं शकला असता आणि कोळणीच्या, कुणबिणीच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करूं शकला असता. परंतु ज्यांचीं पापकबुलीं ऐकावयाचीं, त्यांचें व्याकरणही ऐकिलें पाहिजे, हें त्यानें ओळखिलें.

याच्या उलट प्रकारही त्याच भूमींत घडला. १६८४ सालीं गोव्याचा व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर यानें फर्मान काढिलें कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. फर्मानानें कचेऱ्या जिंकल्या, परंतु चूल जिंकतां आली नाहीं. कोंकणी घराघरांत जिवंत राहिली आणि १९८७ सालीं गोव्याची राजभाषा झाली. जी बोली चुलीजवळ टिकते तिला राजा मारूं शकत नाहीं. पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: जी बोली चुलीजवळून उठली, तिला राजा वांचवूंही शकत नाहीं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच्या आधीं चार वर्षें, २०२० च्या जानेवारींत, उस्मानाबाद येथें भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद वसईचे कॅथलिक धर्मगुरु, आतां दिवंगत झालेले, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं भूषविलें. या दोन्ही गोष्टींचा आपणांस अभिमान वाटावा हें योग्यच. परंतु सिंहासनावर बसविलेल्या आईशीं घरांत कोणी बोलेनासें झालें, तर तो मान तिला काय सुख देईल?

घरांत काय चाललें आहे तें पाहूं. इंग्रजी शब्द आपल्या बोलण्यांत फार आले, अशी तक्रार सर्वत्र ऐकूं येते. मला त्या शब्दांचें फारसें भय वाटत नाहीं. 'स्टेशनावर', 'डॉक्टरांकडे', 'टेबलाखालीं' असें म्हणणारें मूल मराठीच बोलत आहे. 'बटाट्याची' जी वाट तीच 'टेबलाची'. भय वाटतें तें निराळ्या ठिकाणीं. मराठी माणूस 'मला भूक लागली', 'मला आनंद झाला', 'मला आजीची आठवण आली' असें म्हणतो. भूक, आनंद, आठवण या गोष्टी त्याच्याकडे येतात, लागतात, होतात. आतां मुलें 'मी खूप आनंदी आहे', 'मी आजीला मिस करतों' असें म्हणूं लागलीं आहेत. 'मला मदत कर' याचें 'माझी मदत कर' झालें आहे, 'शाळेंत जातों' याचें 'शाळा जातों' होऊं लागलें आहे. येथें प्रत्येक शब्द कदाचित् मराठी असेल, परंतु धनी बदलला. पाहुणे वाढले म्हणून घर जात नाहीं. घरधनी उठून गेला म्हणजे जातें.

कोणी म्हणेल, या एवढ्याशा प्रत्ययांत काय आहे? त्यांत आपल्या घराची रीत आहे. बाहेर पडतांना आपल्यांतील कोणीही 'जातों' म्हणत नाहीं, 'येतों' म्हणतो. निघण्याच्या शब्दांतच परतण्याचें वचन आहे. आणखी एक पाहावें. बहुतेक शहरी मराठी घरांत वडिलांस 'तुम्ही' आणि आईस 'तूं' म्हणतात. किनाऱ्यावरील पुष्कळ घरांत वडिलांसही 'तूं'च म्हणतात. शहरी माणसास तो उर्मटपणा वाटतो, परंतु त्या घरांत तो जिव्हाळा असतो. आणि धर्मगुरूंस 'तुम्ही' अथवा 'आपण' म्हणणारे आपण सारे, गुडघे टेकले कीं, परमेश्वरास 'तूं' म्हणतों. जो सर्वांहून थोर, त्याला आईच्या नात्यानें हांक मारतों. ज्या इंग्रजी बोलण्यांत भिकाऱ्यास, बापास आणि राजास एकच सर्वनाम आहे, तींत वाढलेल्या मुलास या 'तूं'ची गोडी कशी कळावी? तें त्याला प्रश्नोत्तरांच्या पुस्तकांतून शिकवितां येत नाहीं. तें घरांत ऐकूनच कळतें.

आतां शेवटचा आणि माझ्या मतें सर्वांत मोलाचा मुद्दा. इंग्रजींत, पोर्तुगीजांत आणि हिंदींतही 'आम्हां सर्वांस' म्हणावयास एकच सर्वनाम आहे. मराठींत दोन आहेत. गुजरातींत व तमिळ भाषेंतही असेंच आहे. 'आम्ही' म्हटलें म्हणजे ज्याच्याशीं बोलतों तो बाहेर राहिला. 'आपण' म्हटलें म्हणजे तो आंत आला. 'आम्ही जेवतों' असें म्हटल्यावर दारांतील माणूस परत फिरतो. 'आपण जेवूं' म्हटल्यावर तो पाय धुतो. हा भेद आपण रोज शंभर वेळां पाळतों आणि एकदांही त्याचा विचार करीत नाहीं. प्रभूनें शिकविलेली प्रार्थना मराठींत आणतांना या भेदास डावलून चालणारच नव्हतें. देवाला हांक मारतांना 'आमच्या' असेंच म्हटलें पाहिजे. कारण हांक मारणारे आपण लेंकरें आणि ऐकणारा तो बाप. तेथें 'आपल्या' म्हटलें तर देवही लेंकरांच्या रांगेंत येऊन बसेल! परंतु तेच धर्मगुरु प्रार्थना संपवून लोकांकडे वळले म्हणजे 'आपला पिता', 'आपला प्रभु' असें म्हणतात. सारें धर्मशास्त्र दोन सर्वनामांत सामावलें आहे, आणि अक्षरशत्रु आजीसही तें बिनचूक येतें.

बंधूंनो, आपली ओळख सांगतांना हीं दोन सर्वनामें आपल्यापुढें नेहमींच उभीं राहतात. आज आपल्या धर्मग्रामांत केवळ मराठी घरें नाहींत. गोव्याचीं, मंगळूरचीं, केरळचीं, तमिळ मुलखांतलीं कुटुंबें येथें आलीं, आपल्या बांकांवर बसलीं, आपल्या सुखदुःखांत मिसळलीं. त्यांच्या तोंडीं मराठी अडखळते. त्यांचे लिंग-वचन चुकतें. 'च' आणि 'ज' यांचे आपले दोन दोन उच्चार त्यांच्या जिभेवर चढत नाहींत. अशा वेळीं आपण नदीच्या उतारावर उभे राहून त्यांस शिब्बोलेथ म्हणावयास लावावें काय? ज्या हंशानें आपल्या मुलांचीं तोंडें मिटलीं, तोच हंशा आपण दुसऱ्यांच्या मुलांवर उधळावा काय? बोलीचा अभिमान 'आम्ही' या शब्दापाशीं थांबला तर त्याची तलवार होते. तो 'आपण' या शब्दापर्यंत गेला तर त्याचें पंगतीचें पान होतें.

म्हणून महोत्सवानिमित्त माझीं तीन लहानशीं मागणीं आहेत. पहिलें, घरांत मुलांशीं घरची बोली बोलावी. शाळेनें इंग्रजी शिकवावी, ती अवश्य शिकवावी, परंतु चुलीजवळचें काम शाळेवर टाकूं नये. दुसरें, ज्या म्हाताऱ्या माणसांस लग्नाचीं गाणीं, शेतीचे, मासेमारीचे, स्वयंपाकाचे जुने शब्द येतात, त्यांच्याजवळ तरुणांनीं वही घेऊन बसावें. हातांतील दूरध्वनियंत्रावर त्यांचा आवाजच टिपून घेतां येतो, ही तर या पिढीस लाभलेली मोठीच सोय आहे. असा एकेक आवाज मातीआड गेला म्हणजे शब्दांचें एकेक कपाट मातीआड जातें. तिसरें, आपल्या सभांत, प्रार्थनांत, अंगणांत कोणाच्याही उच्चारास हंसूं नये. 'डोला' म्हणणाऱ्या आजीसही नाहीं आणि 'माझा पुस्तक' म्हणणाऱ्या केरळच्या मुलासही नाहीं.

या कामीं ख्रिस्तसभेची सम्मति आहे कीं नाहीं, याची शंका नको. मिस्साबलिदान शतकानुशतकें लॅटिन भाषेंत होत असे. १९६३ सालीं व्हॅटिकन धर्मपरिषदेनें उपासनाविधींत मातृभाषेस वाट मोकळी केली. वेदीवरून मराठी ऐकूं येऊं लागली ती त्यानंतर. जी भाषा वेदीवर चढली ती घरांत उतरून जाऊं नये, एवढें आपल्या हातीं आहे.

आरंभीं पेत्राला आपण अंगणांत सोडून आलों. त्याचें पुढें काय झालें तें प्रेषितांचीं कृत्यें या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायांत आहे. पन्नासाव्या दिवशीं पवित्र आत्मा उतरला आणि यरुशलेमांत जमलेल्या देशोदेशींच्या लोकांनीं प्रेषितांचें बोलणें आपापल्या भाषेंत ऐकिलें. त्या वेळीं लोकांस आश्चर्य वाटलें तें एका गोष्टीचें: हे बोलणारे सारे गालीलकर ना! म्हणजे पाहा, ओळख अजूनही पटत होती. प्रत्येकास त्याची भाषा मिळाली, परंतु गालीलकरांचें गालीलकरपण लपलें नाहीं. ज्या ओळखीनें पेत्राला अंगणांत लाजविलें, तीच ओळख बरोबर घेऊन तो त्या दिवशीं हजारों लोकांपुढें उभा राहिला. तेव्हां त्यानें मान खालीं घातली नाहीं, आणि आपल्याहून निराळें बोलणारा एकही माणूस त्यानें बाहेर ठेविला नाहीं.

आपल्या भाषेंत 'आपण' हा शब्द दोन कामें करतो. त्यानें आपण ऐकणारास आपल्यांत घेतों. आणि कोणास अत्यंत आदरानें संबोधावयाचें झालें तरी 'आपण' असेंच म्हणतों. जवळ घेण्याचा आणि मान देण्याचा शब्द एकच असावा, अशी ज्या भाषेची रीत, ती भाषा आपल्या मुखांत परमेश्वरानें ठेविली आहे. तिची साक्ष आपल्या मुलांच्याही मुखीं राहो, अशी त्याच्या चरणीं प्रार्थना करून आपली रजा घेतों. येतों.